समोरच्या दाताचं मूळ झिजतंय : दात काढायचा की वाचवायचा?

मुग्धा_रामबाग
नमस्कार मंडळी. दातांच्या बाबतीत अनुभवी लोकांची मदत हवी आहे.

माझ्या वरच्या समोरच्या दातावर, अगदी हिरडीच्या कडेला, गुलाबी ठिपका दिसायला लागलाय. आईला वाटलं लिपस्टिक लागली, पण पुसून जाईना. दुखत नाही, गार-गरम लागत नाही, दात हलतही नाही. सफाईसाठी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हिरडीच्या रेषेलगत मुळात काळसर डाग आहे. म्हणाले, रिसॉर्प्शन आहे, तुमचंच शरीर दाताचं मूळ खातंय. दात काढून इम्प्लांट बसवा, उशीर करू नका.

दुसरीकडे दाखवलं. तिथे सांगितलं, आतून झिजतंय, काढायची गरज नाही, ताबडतोब रूट कॅनाल करून घ्या.

एकच एक्स-रे आणि दोन टोकाची मतं. शाळेत असताना चिमणबागेच्या मैदानावर सायकलवरून तोंडावर पडले होते, मार ह्याच दाताला बसला होता. पुढे कॉलेजात दातांना तारा होत्या. याचा संबंध असेल का? कोणाला असं झालंय का? इंदूरमध्ये पक्कं निदान कुठे होईल? कीड नसलेला, न दुखणारा दात काढायला मन तयार होत नाही.

पोहे_जिरावण
दुखत नाही म्हणून थांबू नकोस एवढंच सांगतो. माझ्या मामेभावाचाही दुखत नव्हता. कळलं तेव्हा अर्धं मूळ गेलेलं.

सखाराम_पलासिया
मी दात काढला, इम्प्लांट बसवला, आता भुट्ट्याचं कणीसही खातो. लोक उगाच एकाच दाताच्या मागे तीन-तीन वेळा पैसे घालवतात. आधी रूट कॅनाल, मग कॅप, मग शेवटी इम्प्लांटच. ताई, सरळ काढून टाका.

मुग्धा_रामबाग
सखारामदादा, तुमचा कुठला दात होता? आणि मुळाचाच त्रास होता का?

सखाराम_पलासिया
खालची दाढ होती. किडली होती.

दंतमित्र_बडोदे
मी एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे दाताच्या नसेचा आणि रूट कॅनालचा तज्ज्ञ आहे. शिक्षण इंदूरचं, आता प्रॅक्टिस बडोद्यात. तपासल्याशिवाय तुमच्या दाताबद्दल काही ठरवणार नाही, पण ही दोन मतं का आली ते सांगता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या शरीरात हाड मोडून पुन्हा घडवण्याचं काम कायम चालू असतं. मोडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्यांच्याच जातीच्या पेशी दाताच्या कठीण भागावर बसल्या की ओडोन्टोक्लास्ट. दुधाच्या दातांची मुळं विरघळून ते पडतात ते याच पेशींमुळे, म्हणजे ही प्रक्रिया मुळात रोग नाही. पक्क्या दाताला दोन्ही बाजूंनी संरक्षण असतं. बाहेरून सिमेंटमवर, म्हणजे मुळाच्या कठीण आवरणावर, आणि आतून नसेच्या कडेला, अजून खनिज न भरलेला पातळ थर असतो. त्या थरावर या पेशींना पकड मिळत नाही. मार बसला, तारांचा जोर पडला, किंवा नस नसलेल्या दाताला आतून तीव्र ब्लीचिंग केलं, तर तो थर कुठेतरी खरवडला जातो आणि तिथे पेशी चिकटतात. त्यामुळे मुग्धाताई, सायकल आणि तारा या दोन्हींचा संबंध असू शकतो. मार आणि लक्षण यांत कित्येक वर्षांचं अंतर पडणं अगदी नेहमीचं आहे.

आता गुलाबी ठिपका. ममरी या इंग्रज दंततज्ज्ञाने १९२० मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि पुढे बराच काळ तो आतल्या झिजेची खूण मानला गेला. खरं तर हिरडीच्या कडेला बाहेरून मुळात शिरलेली झीजही तशीच गुलाबी दिसते, कारण पोकळीत भरलेली रक्ताळ ऊती इनॅमलच्या आडून चमकते. म्हणजे नुसता ठिपका बघून आतलं की बाहेरचं हे ठरत नाही.

आणि सगळं त्यावरच अडलेलं आहे. आतली झीज नसेतल्या जिवंत ऊतीवर जगते, म्हणून रूट कॅनाल करून ती ऊती काढली की झीज थांबते. बाहेरून हिरडीजवळ शिरलेली झीज मुळाभोवतीच्या अस्तरातून रक्त घेते. तिथे नुसतं रूट कॅनाल करून उपयोग नाही. नस काढली जाईल आणि बाहेरची झीज तशीच पुढे सरकत राहील. तेव्हा कुठली झीज हे कळेपर्यंत ना रूट कॅनाल, ना काढणं.

मुग्धा_रामबाग
डॉक्टर, मनापासून धन्यवाद. एवढं कोणीच समजावलं नव्हतं. मग ते कळतं कशावरून?

कान्हकाठचा_पक्या
मीही तेच विचारणार होतो. माझ्या बायकोला डॉक्टरांनी फक्त ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढून दातात अशीच झीज असल्याचं सांगितलं.

सावली_आणि_प्रकाश
मी रेडिओलॉजीत काम करते, माझ्या बाजूने लिहिते.

साधा दातांचा एक्स-रे म्हणजे सावली. पुढचं-मागचं सगळं एकाच पातळीवर पडतं. मुळाच्या ओठाकडच्या बाजूला खड्डा असला तरी फिल्मवर तो नेमका नसेच्या नळीवर दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की नळीच फुगली आहे. म्हणून पहिलं काम : काळ्या डागातून नळीच्या दोन कडा सरळ जाताना दिसतात का ते बघणं. दिसत असतील तर डाग वरून पडलेला आहे, म्हणजे झीज बाहेरची. कडा हरवून नळीच गोलसर, गुळगुळीत रुंद झाली असेल तर आतली.

दुसरं, ट्यूब थोडी बाजूला सरकवून त्याच दाताचा आणखी एक एक्स-रे. आतली झीज नळीसोबतच राहते. बाहेरची नळीपासून सरकते, आणि कुठल्या दिशेने सरकली त्यावरून ती ओठाच्या बाजूला आहे की टाळूच्या, हेही कळतं.

तरीही शंका राहिली, किंवा उपचाराचा बेत आखायचा असेल, तर सीबीसीटी, म्हणजे दातांचा त्रिमितीय स्कॅन. त्या एकाच भागाचा लहान स्कॅन मागा. पूर्ण जबड्याचा नको, रेडिएशन विनाकारण वाढतं. झीज किती उंचीपर्यंत गेली, मुळाला किती वेढलं, नसेपर्यंत पोचली का, हे तिन्ही त्यात दिसतं. ओपीजी पूर्ण जबड्याचा अंदाज घ्यायला चांगला, पण समोरच्या दातांच्या जागी मणक्याची सावली येते. या निदानाला तो पुरत नाही. पक्याभाऊ, त्या दाताचा छोटा एक्स-रे तरी काढून घ्या.

दंतमित्र_बडोदे
सावलीताईंनी नेमकं लिहिलं. त्यात माझी एक भर. दाताला गार लावून नस जिवंत आहे का ते बघायला हवं. बाहेरच्या झिजेत नस बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहते, कारण नसेभोवती डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण भागाचा) पातळ पडदा उरतो आणि झीज त्याला वळसा घालून जाते. शिवाय दातावर टकटक करून आवाज ऐकतात. मूळ हाडाला चिकटलं असेल तर आवाज धातूसारखा खणखणीत येतो.

आबा_लोकमान्यनगर
माझं वय शहात्तर. आम्ही बाभळीचं दातण केलं, आणि माझे बरेच दात अजून जागेवर आहेत. मुळं कमकुवत होतात ती कॅल्शियम कमी पडल्यामुळे. मुली, तिळाच्या तेलाच्या गुळण्या कर, दूध पी, नाचणी खा. मशीनच्या मागे लागू नकोस.

दंतमित्र_बडोदे
आबा, तुमचे दात टिकले याचा आनंद आहे. नाचणी आणि दूध सगळ्यांनीच घ्यावं. पण ही झीज कॅल्शियमच्या कमतरतेने होत नाही. इथे शरीराच्या पेशीच खनिज काढून नेतात, पोटातून कितीही कॅल्शियम गेलं तरी त्या थांबत नाहीत. गुळण्या मुळापर्यंत पोचत नाहीत. यावर गोळी नाही. मुग्धाताईंनी महिनोन्महिने तेलाच्या गुळण्या करत वाट बघितली, तर आज जो दात वाचण्यासारखा आहे तो हातचा जाईल. म्हणून आपला मान राखून स्पष्ट लिहितो.

आबा_लोकमान्यनगर
ठीक आहे डॉक्टर. तिने तपासणी करावी. दूध मात्र प्यावं.

मेधा_लष्कर
मी ग्वाल्हेरची. हा धागा वाचून झोप उडाली. मुलगी पंधराची आहे, तारा लावल्या आहेत. मागच्या भेटीत ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी, एक्स-रे बघून सांगितलं की समोरच्या चार दातांची मुळं टोकाला थोडी आखूड झाली आहेत, म्हणून दोन-तीन महिने तार घट्ट करणार नाहीत. तिचे दात पडतील का?

दंतमित्र_बडोदे
नाही मेधाताई, घाबरू नका. हा वेगळा प्रकार. तारा लावलेल्या बहुतेकांची मुळं टोकाला किंचित गोलसर होतात, त्याने आयुष्यभरात काही बिघडत नाही. मूळ चार मिलिमीटरहून जास्त, किंवा एक तृतीयांशाहून जास्त आखूड झालं तर गंभीर धरतात, आणि तसं फार थोड्यांना होतं. वरचे समोरचे दात आणि मुळाचं टोक निमुळतं असलेले दात यात पुढे असतात. तुमच्या डॉक्टरांनी वेळेत एक्स-रे काढला आणि विश्रांती दिली, हे योग्यच केलं. त्या काळात मुळाचा पृष्ठभाग नव्या सिमेंटमने भरून येतो. जोर काढला की ही झीज थांबते. पुढे हलका जोर ठेवायचा, आणि शक्य असेल तर काही दातांपुरतं उद्दिष्ट थोडं कमी करायचं. तारा स्वतःहून मध्येच सोडू नका.

मेधा_लष्कर
जीव भांड्यात पडला. मुलीलाही वाचून दाखवलं.

भिया_छप्पन
एक विचारून राहिलो. माझ्या पुतण्याचा समोरचा दात क्रिकेट खेळताना अख्खा निघून आला. पोरांनी कागदात गुंडाळून घरी आणला, संध्याकाळी डॉक्टरांनी परत बसवला. आता दोन वर्षांनी तो दात बाकीच्यांपेक्षा वर चढल्यासारखा दिसतो. पोरगा बाराचा. हेही तेच का?

दंतमित्र_बडोदे
हीही मुळाची झीजच, पण आणखी वेगळा प्रकार, आणि मुलांमध्ये सगळ्यात जास्त जपायचा. दात निघाला की मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत मरायला लागतात. तासाभराच्या वर कोरडा राहिला तर त्या जवळपास संपतात. मग दात बसवला तरी मधलं अस्तर उरत नाही, मूळ थेट हाडाला चिकटतं. शरीराला ते आता हाडच वाटतं, म्हणून ते मोडून त्या जागी हाड भरत जातं. मुलाचा जबडा वाढतो, शेजारचे दात खाली येतात, हा मात्र अडकलेला राहतो, म्हणून वर चढल्यासारखा दिसतो. ही झीज थांबवायचा उपाय आज नाही. पण दात ओढून काढताना हाडही तुटतं, म्हणून वाढत्या वयात बऱ्याचदा वरचा भाग कापून मूळ आतच ठेवतात. ते हळूहळू हाडात मिसळतं आणि पुढे इम्प्लांटसाठी हाडाची रुंदी टिकते. याला डिकोरोनेशन म्हणतात, स्वीडनमधून १९८४ पासून ही पद्धत प्रचारात आली. कधी करायचं हे वाढीच्या वेगावर ठरतं, तेव्हा मुलांच्या दंततज्ज्ञाला दाखवा. बाराव्या वर्षी इम्प्लांट मात्र करू देऊ नका. जबडा वाढतोय, इम्प्लांट जागचा हलत नाही, पुन्हा तोच फरक पडेल.

भिया_छप्पन
डॉक्टर, त्या दिवशी काय करायला पाहिजे होतं तेही लिहून ठेवा. इथे गल्लोगल्ली पोरं खेळून राहिली आहेत.

दंतमित्र_बडोदे
दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात नाही. माती लागली असेल तर दूध, सलाइन किंवा तोंडातल्या लाळेने हलकेच धुवायचा, घासायचा अजिबात नाही. लगेच त्याच्या जागी बसवून रुमाल चावायला द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. बसवणं जमत नसेल तर थंड दुधात टाकून न्यायचा. पाण्यात ठेवू नका, कोरड्या कागदात तर नकोच. पुढे साधारण दोन आठवडे लवचीक तारेने शेजारच्या दातांना बांधतात. मूळ पूर्ण तयार झालेलं असेल तर त्याच दोन आठवड्यांत रूट कॅनाल सुरू करतात, नाहीतर मेलेल्या नसेतला संसर्ग मुळाला बाहेरून वेगाने खातो. ही झीज काही आठवड्यांत मूळ पोखरते. दुधाचा दात निघाला तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

सराफा_जागरण
इंदुरात दुधाची अडचण नाही. रात्री एकला सराफ्यात कढईतलं मिळेल, पण दातासाठी ते नको, गरम असतं. थैलीतलं थंड घ्या.

वर्गशिक्षिका_तिलकनगर
वरचा संदेश शाळेच्या खेळाच्या खोलीत लिहून लावते आहे. दर वर्षी एखादा तरी मुलगा तोंडावर पडतो.

सखाराम_पलासिया
डॉक्टर, एवढं सगळं वाचून मला अजून वाटतं की समोरचा दात असा अर्धवट ठेवण्यापेक्षा काढलेला बरा. निदान प्रश्न संपतो.

पोहे_जिरावण
दादा, काढणं कधीही करता येतं. परत बसवता येत नाही.

दंतमित्र_बडोदे
सखारामजी, तुमचा मुद्दा काही दातांना लागू पडतो. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या हीदरसे यांनी १९९९ मध्ये हिरडीजवळ बाहेरून शिरणाऱ्या या झिजेचे चार वर्ग केले. पहिला म्हणजे हिरडीजवळचा छोटा खड्डा, चौथा म्हणजे मुळाच्या वरच्या एक तृतीयांशाच्या पुढे गेलेली झीज. उपचार केलेल्या दातांमध्ये पहिल्या दोन वर्गांतले सगळे यशस्वी झाले, तिसऱ्यातले सुमारे ७८ टक्के, आणि चौथ्यातले फक्त १२.५ टक्के. म्हणजे चौथ्यात काढणं किंवा नुसतं लक्ष ठेवणं हा शहाणपणा, पहिल्या-दुसऱ्यात काढणं हा अन्याय. समोरच्या दाताला आणखी एक गोष्ट आहे. दात काढल्यावर ओठाकडचं पातळ हाड खचतं, हिरडी वर जाते, आणि हसताना ते लपत नाही. तिथे आपला दात जितकी वर्षं निभावेल तितकी वर्षं पदरात पडतात.

सखाराम_पलासिया
हे पटलं. दाढ आणि समोरचा दात यांत फरक आहे.

सुनंदा_अन्नपूर्णा
मुग्धा, एमवाय रुग्णालयासमोर शासकीय दंत महाविद्यालय आहे, बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी लवकर जा, नंबर लागतो. जुने एक्स-रे सोबत ने. आणि पोहे-जिलेबी खाऊन जा, तिथे वेळ लागतो ☺

मुग्धा_रामबाग
मंडळी, परत आले. सगळ्यांचं वाचून आधी एंडोडॉन्टिस्ट गाठले. त्यांनी गारव्याची चाचणी केली, दात जिवंत आहे. वेगळ्या कोनातून एक्स-रे काढला, तर डाग नळीपासून सरकला. मग लहान सीबीसीटी. झीज बाहेरून शिरलेली निघाली, हिरडीच्या जरा आत, ओठाच्या बाजूला. दुसऱ्या वर्गातली म्हणाले. नस आणि खड्डा यांच्यामध्ये डेंटिनचा पातळ थर शाबूत आहे. आधी रूट कॅनाल केलं असतं तर नस गेली असती आणि झीज चालूच राहिली असती, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

उपचार : हिरडी भूल देऊन थोडी उघडणार, आतली ऊती खरवडून काढणार, तिथे ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड लावणार आणि खड्डा भरणार. नस उघडी पडली तरच रूट कॅनाल. आता काही विचारायचं राहिलंय का?

दंतमित्र_बडोदे
छान निदान झालं. ते अॅसिड ९० टक्क्यांचं असतं, दाताच्या आत बारीक वाटांनी घुसलेली, हाताने न निघणारी ऊती ते जाळतं. आजूबाजूची हिरडी आणि ओठ झाकून ठेवतात. भरायला काय वापरणार ते विचारा. खड्डा पूर्ण हिरडीखाली असेल तर बायोडेंटिनसारखं ऊतीला मानवणारं साहित्य चालतं. दिसणाऱ्या भागात रंग जुळणारं कॉम्पोझिट किंवा ग्लास आयोनोमर. आणि पुढची तपासणी कधी, ते तारखेसकट लिहून घ्या.

मुग्धा_रामबाग
झालं मंडळी! नस उघडी पडली नाही, रूट कॅनाल टळलं. हिरडीला टाके आहेत, थोडी सूज आहे. गुलाबी ठिपका गेला. आबा, दूध पिते आहे.

आबा_लोकमान्यनगर
शाब्बास. आठवडाभर शेव-चिवडा नको, खिचडी खा.

कान्हकाठचा_पक्या
बायकोचा छोटा एक्स-रे काढला. तिची झीज आतलीच आहे, नळी मध्येच फुगलेली स्पष्ट दिसते. रूट कॅनाल ठरलंय. दोन टप्प्यांत का करणार?

दंतमित्र_बडोदे
फुगलेल्या भागाच्या कोपऱ्यात सुई पोचत नाही. म्हणून औषधी द्रावण अल्ट्रासोनिकने हलवून ऊती विरघळवतात, मग कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून काही दिवस ठेवतात. ते उरलेली ऊती मऊ करतं, दुसऱ्या बैठकीत ती धुऊन निघते. त्यानंतर गट्टापर्चा (नळी भरायचं रबरासारखं साहित्य) गरम करून, पातळ करून भरतात, म्हणजे फुगीर जागा पूर्ण भरते. भिंतीला आरपार भोक पडलेलं असेल तर ते बुजवायला एमटीए नावाचं सिमेंट लागेल. ते आधी विचारून घ्या, कारण तेवढ्याने पुढचा सगळा अंदाज बदलतो. आणि उशीर करू नका. आतली झीज नस जिवंत असेपर्यंतच पुढे जाते हे खरं, पण तोवर ती भिंत फोडू शकते.

नेहा_विजयनगर
उशिरा विचारते. मुलगा दहाचा. एक सुळा आलाय, दुसऱ्या बाजूचा दिसत नाही, हाताला फुगवटाही लागत नाही. त्याचाही या धाग्याशी संबंध आहे का?

दंतमित्र_बडोदे
आहे, आणि विचारलंत ते बरं झालं. वरचे सुळे साधारण नऊ-दहाव्या वर्षी हिरडीवर, ओठाच्या बाजूला बोटाने जाणवायला हवेत. एका बाजूला जाणवतो आणि दुसरीकडे नाही, तर तो वाट चुकून शेजारच्या दाताच्या मुळावर टेकला असू शकतो. अशा वेळी तो त्या मुळाला खातो, आणि मुलाला काहीच दुखत नाही. या आठवड्यात ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवून एक्स-रे काढा. वेळेत कळलं तर बऱ्याचदा नुसता दुधाचा सुळा काढल्यावरही पक्का सुळा वाटेला लागतो.

नेहा_विजयनगर
उद्या सकाळचीच वेळ घेतली. एक्स-रे आला की इथे लिहीन.

मुग्धा_रामबाग
नेहा, रिपोर्टसोबत एक्स-रेची मूळ फाइलही मागून घे. माझी पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे, मग दर वर्षी. डॉक्टरांनी सांगितलंय की प्रत्येक वेळी त्याच कोनातून एक्स-रे काढून जुन्याशेजारी ठेवून बघायचा.